वखारीपलीकडचे सूर

वेंगुर्ल्यातल्या डच वखारीच्या पडक्या भिंतींकडे आम्ही आजवर व्यापाराची निशाणी म्हणूनच पाहत आलो. १६३७ च्या सुमारास विजापूरच्या मुहम्मद आदिलशहाच्या परवानगीने डचांनी येथे बस्तान बसवले, ते मुख्यतः गोव्यावर नजर ठेवण्यासाठी. मांडवीच्या मुखाशी पोर्तुगिजांची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना वेंगुर्ल्याचा आधार होता. पण ही कोंडी चालू असतानाच तिकडे गोव्यात काय गायले जात होते, हे आम्ही कधी विचारलेच नाही.

त्याची साक्ष एका इटालियन कार्मेलाइट धर्मगुरूने ठेवली आहे. जुझेप्पे सेबास्तियानी हे त्यांचे नाव. १६६३ मध्ये डचांनी कोचीन जिंकले, तेव्हा तेथून बाहेर पडावे लागून ते गोव्यात आले. संत इग्नेशियसच्या सणाला जेझुइटांच्या मठात त्यांनी एकाच वेळी सात गायकवृंद ऐकले. आपण रोममध्येच आहोत की काय, असे त्यांना वाटले. तसे बोलून दाखवताच उत्तर मिळाले की रचना खरोखरच रोमच्या कारिस्सिमीची आहे! गाणारे मात्र येथलेच, कोकणी मातीतले. ख्रिस्ती वस्तीच्या गावागावांतल्या चर्चमध्ये ऑर्गन, हार्प आणि चांगला गायकवृंद आहे, अशी नोंदही ते आश्चर्याने करतात.

जाकोमो कारिस्सिमी (१६०५–१६७४) रोममधल्या जेझुइटांच्या जर्मन कॉलेजात संगीतप्रमुख होता. त्याने केले तरी काय, हे समजून घेण्यासारखे आहे. आपले कान एका सुरामागून दुसरा सूर ऐकण्यास सरावलेले. कव्वालीत दहा जण गात असले तरी चाल एकच असते. स्वरमेळात चार-सहा आवाज एकाच क्षणी वेगवेगळे सूर लावतात आणि ते एकमेकांना साजावे लागतात. जुन्या चर्चसंगीतात हे आवाज एकमेकांत इतके विणले जात की प्रार्थनेचे शब्दच हरवत. १६०० नंतरच्या, म्हणजे बरोक काळातल्या, रचनाकारांनी तळाशी खर्जाची भक्कम ओळ ठेवली, तिच्यावर ऑर्गनने सूर भरले आणि वरचे आवाज शब्दांच्या अर्थामागे चालवले. दुःखाचा शब्द आला की एक आवाज आपला आधीचाच सूर धरून बसतो. बाकीचे पुढे गेलेले असतात. ती टक्कर कानाला बोचते. मग अडलेला सूर एक पायरी खाली उतरतो आणि मेळात मिळतो. ऐकणाऱ्याचा श्वास मोकळा होतो.

कारिस्सिमीची ‘येफ्ते’ ही रचना याचा नमुना आहे. बायबलमधला सरदार इफ्ताह लढाईपूर्वी नवस बोलतो की जिंकलो तर घरातून जो प्रथम सामोरा येईल त्याची कुर्बानी देईन. सामोरी येते ती एकुलती एक लेक. हजरत इब्राहीमांच्या हकिकतीत ऐन वेळी दुंबा येतो. येथे तो येत नाही. शेवटी सहा आवाज अशाच अडत्या, उतरत्या सुरांनी शोक करतात.

वखारीतले डच मात्र दुसऱ्या पंथाचे. त्यांच्या चर्चमध्ये स्तोत्रे सर्वांनी एकाच सुरात गायची असत आणि प्रार्थनेत ऑर्गन असावा की नसावा यावर हॉलंडात कडाक्याचे वाद झाले. इबादतीत संगीताला जागा किती, हा प्रश्न केवळ आपल्यालाच पडला असे नाही, हे लक्षात यावे. विजापुरात तर दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाने ‘किताब-ए-नौरस’ रचून संगीताला उघड मान दिला होता.

या सुरांबद्दल लिहिताना आमची लेखणी सहज चालत नाही. १५१० मध्ये अल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवे घेतले, तेव्हा शहरातल्या मुसलमानांची कत्तल झाली. १५६० पासून इन्क्विझिशन आले. त्याच सत्तेच्या छायेत चर्चच्या शाळांतून गावची मुले सूर वाचायला शिकली. तलवारीचा हिशेब विसरू नये, असेच आम्ही म्हणू. पण तो गाणाऱ्या गळ्यांच्या नावे मांडणे हाही अन्यायच. ती मुले आपल्याच कोकणाची होती.

शिवाय ते सूर चर्चपुरते राहिले नाहीत. त्या शाळांतून तयार झालेले गोवेकर वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस चर्चमधल्या गायकवृंदाच्या शिक्षकाचे चिरंजीव. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातल्या गाण्यात गुरूचे नाव घराघरांत नेले. चित्रपटगीतांतल्या व्हायोलिनच्या मेळावर आपल्याही दोन पिढ्या डोलल्या आहेत. तो मेळ कोणाच्या कष्टाने आला, हे ठाऊक नसताना.

स्वरमेळाची अट साधी आहे. प्रत्येकाने आपला सूर सोडायचा नाही आणि शेजारच्याचा ऐकत राहायचा. आपल्या किनाऱ्याचा इतिहासही असाच ऐकावा लागेल, बोचणाऱ्या सुरांसकट.