पदवीधरांचा रोजगार : नोकरी मिळणे आणि नोकरी जुळणे

पदवी घेतलेल्या तरुणाला काम मिळाले की नाही, हे देशाची अधिकृत आकडेवारी सांगते. ते काम त्याच्या शिक्षणाला साजेसे आहे काय आणि त्यात त्याला समाधान लाभते काय, या प्रश्नांची उत्तरे मात्र त्या आकडेवारीतून सहजासहजी मिळत नाहीत. पदवीधरांच्या रोजगाराची चर्चा करताना नोकरी मिळणे आणि नोकरी जुळणे या दोन बाबी वेगळ्या ठेवाव्या लागतात.

मोजणी कशी होते

रोजगार व बेरोजगारीची अधिकृत माहिती नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणातून मिळते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या सर्वेक्षणाचे मासिक अंदाजही २०२५ पासून प्रसिद्ध होऊ लागले आहेत. चालू साप्ताहिक स्थितीच्या निकषानुसार, पाहणीपूर्वीच्या सात दिवसांत किमान एक तास काम केलेली व्यक्ती रोजगारात धरली जाते. घरच्या दुकानात विनावेतन मदत करणारा, शिकवण्या घेणारा आणि बँकेत अधिकारी असलेला, असे तिन्ही पदवीधर या मोजणीत एकाच रकान्यात येतात.

या सर्वेक्षणानुसार १५ ते २९ वयोगटातील बेरोजगारीचा दर २०१७-१८ मध्ये १७.८ टक्के होता; २०२३-२४ मध्ये तो १०.२ टक्क्यांवर आला. शिक्षणानुसार पाहिल्यास चित्र वेगळे दिसते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारत रोजगार अहवालानुसार, २०२२ मध्ये पदवीधर तरुणांमधील बेरोजगारी २९.१ टक्के, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधील बेरोजगारी ३.४ टक्के होती. गरीब आणि अशिक्षित तरुणाला रिकामे राहणे परवडत नाही. पदवीधर मात्र मनाजोग्या नोकरीसाठी काही वर्षे थांबतो.

ही प्रतीक्षा कायम टिकत नाही. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालात २५ वर्षांखालील पदवीधरांतील बेरोजगारी ४२ टक्क्यांहून अधिक आढळली. पस्तिशी ओलांडलेल्यांमध्ये ती ५ टक्क्यांहून कमी होती. म्हणजे वयानुसार बहुतेकांना काम मिळते. ते कोणत्या दर्जाचे असते, हा पुढचा प्रश्न आहे. २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालाने निम्म्याहून अधिक पदवीधर आपल्या शिक्षणापेक्षा कमी कौशल्याच्या कामात असल्याचे नमूद केले आहे.

विसंगतीची किंमत

या विसंगतीची झळ केवळ पदवीधरांना बसते असे नाही. रेल्वे भरती मंडळांनी २०१९ मध्ये बिगर-तांत्रिक संवर्गातील ३५,२८१ पदांची जाहिरात दिली, तेव्हा सुमारे सव्वा कोटी अर्ज आले. त्यांपैकी २४,२८१ पदांसाठी पदवी आवश्यक होती, तर ११,००० पदांसाठी बारावी उत्तीर्ण असणे पुरेसे होते. पदवीधरांना दोन्ही गटांत अर्ज करण्याची मुभा असल्याने बारावी उत्तीर्ण उमेदवारांना त्यांच्याशी स्पर्धा करावी लागली. जानेवारी २०२२ मध्ये पहिल्या टप्प्याचा निकाल लागल्यावर बिहार व उत्तर प्रदेशात जे आंदोलन उसळले, त्यामागील तक्रारींत हीदेखील एक होती. वरच्या पायरीवर जागा नसली की शिकलेला माणूस खालच्या पायरीवर उतरतो आणि तेथे उभा असलेला आणखी खाली ढकलला जातो.

समाधान आणि कार्यक्षमता

समाधानी कर्मचारी अधिक चांगले काम करतो, ही सर्वसाधारण समजूत आहे. संशोधनाचा कौल मात्र सावध आहे. १९८५ मध्ये पूर्वीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा समाधान आणि कार्यक्षमता यांच्यातील सहसंबंध ०.१७ इतका क्षीण आढळला. २००१ मध्ये टिमोथी जज व सहकाऱ्यांनी ३१२ नमुन्यांतील ५४ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती तपासली आणि हा सहसंबंध ०.३० असल्याचे दाखवले. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. उत्तम काम केल्यामुळेही समाधान वाढू शकते.

त्याच अभ्यासातील एक निष्कर्ष पदवीधरांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. गुंतागुंतीच्या, स्वतंत्र विचाराची गरज असलेल्या कामांत हा संबंध ०.५२ पर्यंत पोहोचला. ठरावीक चाकोरीच्या कामात मन रमले वा न रमले तरी उत्पादनात फारसा फरक पडत नाही. बुद्धीच्या कामात तो पडतो. आणि पदवी ज्या कामांसाठी घेतली जाते, ती बहुधा याच प्रकारची असतात.

काय विचारले जात नाही

शिक्षणसंस्थांचे मूल्यमापनही याच मर्यादेत होते. राष्ट्रीय संस्थात्मक मानांकन आराखड्यात विद्यार्थ्यांच्या फलनिष्पत्तीसाठी नोकरी वा उच्च शिक्षणाचे प्रमाण आणि मध्यक वेतन पाहिले जाते. काम शिक्षणाशी जुळते काय, हे पाहिले जात नाही. ब्रिटनमध्ये अभ्यासक्रम संपल्यानंतर १५ महिन्यांनी होणाऱ्या राष्ट्रीय पाहणीत मात्र तीन साधे प्रश्न असतात : सध्याचे काम अर्थपूर्ण वाटते काय, ते भावी योजनांशी जुळते काय आणि शिकलेले त्यात उपयोगी पडते काय.

नोकरी जुळण्याची शक्यता वाढवणारा एक जुना मार्ग भारतातही उपलब्ध आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कक्षेत १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवीधर व पदविकाधारकही आले. अशा प्रशिक्षणात उमेदवाराला काम आणि आस्थापनेला उमेदवार आधीच पारखून घेता येतो.

बेरोजगारीचा दर घटणे ही निश्चितच स्वागतार्ह बाब होय. तथापि पदवीसाठी कुटुंबाने केलेला खर्च आणि तरुणाने दिलेली वर्षे सार्थकी लागली काय, याचे उत्तर तो दर देत नाही. त्यासाठी नोकरीत असलेल्या पदवीधरालाच काही प्रश्न विचारावे लागतील.