संप, गाळा आणि खाणावळ

गिरणगांवाचा इतिहास लिहितांना संपांच्या तारखा आणि पुढाऱ्यांचीं भाषणें यांची नोंद अगत्यानें केली जाते. परंतु पगार बंद असतां कामगार जेवला कोठें, हा साधा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

मुंबई सरकारच्या मजूर कचेरीनें १९२१-२२ सालीं कामगारांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तींत शेंकडा ९७ कुटुंबें एकेकाच खोलींत राहत असून शेंकडा ४७ कुटुंबें कर्जांत बुडालेलीं आढळलीं. रुपयास दरमहा एक आणा, म्हणजे सालीना शेंकडा ७५, हा व्याजाचा दर सर्रास चाले.

कोंकणांतून व घाटावरून एकटे आलेले पुरुष गांवकीच्या नात्यानें एखादा गाळा मिळून घेत, भाडें वांटून देत आणि पाळीप्रमाणें आळीपाळीनें त्याच जागेवर पाठ टेकीत. जेवणाची सोय मात्र खाणावळवालीकडे असे. गिरणीचा पगार महिना उलटल्यावर होई; तोंवर ती वाण्याकडून धान्य उधार आणून त्यांस जेवूं घाली. मालकानें अडकवून ठेविलेल्या मजुरीचा भार अशा रीतीनें एका बाईच्या चुलीवर येऊन पडे.

१९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगारांचा संप चालला. पुढें मंदीच्या काळांत मजुरींत कपात झाली आणि १९३४ सालीं पुन्हां सार्वत्रिक संप झाला. अशा वेळीं कांहीं जण गांवीं परतत. जे राहत, त्यांचें पोट उधारीवर चाले. संपाचें आयुष्य निर्धाराइतकेंच वाण्याच्या वहीवरहि अवलंबून असे.

यास आपण परस्परसाह्य म्हणतों, आणि तें खरेंहि आहे. परंतु गाळ्याचें भाडें जसें सारखें वांटलें जाई, तसें कर्ज वांटलें जात नसे. कामगार गांवीं निघून गेला, तरी वाण्याचें देणें खाणावळवालीच्याच नांवावर राही. प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या स्त्रियांस बँकेचें कर्ज मिळवून दिलें, तेव्हां कोठें त्यांची गणना उद्योग करणाऱ्यांत होऊं लागली.

संपाच्या विजयाचें श्रेय सभांस मिळालें. त्याचें व्याज मात्र चुलीनें फेडलें. इतिहासकारानें हीहि बाकी आपल्या वहींत मांडिली पाहिजे.