कोर्लईची बोली आणि आपलीं आडनांवें

डिसोझा, परेरा, फर्नांडिस अशीं आडनांवें सातारा-सांगलीकडील एखाद्या ख्रिस्ती घरीं आढळलीं, कीं त्यांचा मूळ पुरुष पोर्तुगीज असावा असा तर्क लोक सहज करितात. हा तर्क बहुधा फसवा असतो. कारण बाप्तिस्म्याच्या वेळीं पाद्र्याचें किंवा धर्मपित्याचें आडनांव नवख्रिस्त्यास मिळे. त्यावरून नातें कळतें तें धर्माचें, रक्ताचें नव्हे.

खरा मिश्र वारसा पाहावयाचा, तर चौलनजीक रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईस जावें. १६ व्या शतकांत त्या बाजूस पोर्तुगीज शिपाई व एतद्देशीय स्त्रिया यांचे संसार झाले, आणि त्यांतून एक नवी बोली उपजली. तिचे शब्द बहुतेक पोर्तुगीज, परंतु क्रियापद मराठीप्रमाणें वाक्याच्या शेवटीं! बोलणारे तिला 'नोलिंग', म्हणजे 'आमची भाषा', म्हणतात.

१७४० सालीं चौल व कोर्लई मराठ्यांकडे आलीं. छत्रपति शाहूंची राजधानी तेव्हां सातारा. म्हणजे ही मंडळी साताऱ्याच्याच गादीची रयत झाली. पोर्तुगीज गेले, बोली मात्र राहिली. शेजाऱ्यांपासून धर्मानें आणि पोर्तुगालपासून राज्यानें तुटलेल्या त्या घरांत ती टिकली, व मराठीशीं अधिकच मिसळली. (सातारकरास ती परकी वाटेल, पण पाव, चावी, साबण, पगार हे त्याचे रोजचे शब्द त्याच कुळींचे आहेत.) आज ती बोलणारे हजाराच्या आसपासच उरले असून मुलांचें शिक्षण मराठींत होतें.

तेव्हां वंशावळ शोधणाऱ्यानें बाप्तिस्म्याच्या वहींतील आडनांवावर न थांबतां धर्ममातापित्यांचीं नांवें, गांव व धंदाही टिपावा. आणि घरांत आजी हयात असेल, तर तिचे शब्द आधीं उतरून घ्यावे.