उत्तर कोंकणांतील चक्रीवादळें : साधनांची चिकित्सा

ता. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यास लागलें, तेव्हांपासून ठाणें-कल्याण प्रांतीं पूर्वीं अशीं तुफानें होत कीं काय, हा प्रश्न चर्चेंत आहे. त्याचीं दोन उत्तरें प्रचलित आहेत. एक असें कीं, या किनाऱ्यास तुफान ठाऊकच नव्हतें. दुसरें असें कीं, जून १८८२ मध्यें मुंबईंत तुफानानें एक लक्ष माणसें मेलीं. आमच्या मतें दोन्हीं उत्तरें त्याज्य होत.

प्रथम दुसऱ्याचा विचार करूं. १८८१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती ७,७३,१९६ होती; १८९१ सालीं ती ८,२१,७६४ भरली. म्हणजे सुमारें आठांत एक मनुष्य एका दिवसांत नाहींसें झालें, असें मानावें लागेल. कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ पासून हवेचे वेध नियमानें घेतले जात. एवढा उत्पात तेथें अलक्षित राहणें शक्य नाहीं. ॲडम सोबेल व त्यांचे सहकारी यांनीं २०१९ च्या निबंधांत हें तुफान घडल्यास पुरावा नाहीं असाच निर्णय दिला आहे. एकाचें लिहिलेलें दुसऱ्यानें उतरून घेतलें, एवढाच या आंकड्याचा आधार.

पण तेवढ्यावरून पहिलें उत्तर खरें ठरत नाहीं. मे १६१८ मध्यें वसई-मुंबईच्या किनाऱ्यावर भयंकर तुफान झालें. त्यांत सुमारें ६० जहाजें व दोन हजार माणसें गेल्याचें मागाहूनचे ग्रंथकार सांगतात. संख्या तपासण्याजोगी आहे, घटना मात्र टाकण्याजोगी नाहीं. पुढें नोव्हेंबर १८५४, नोव्हेंबर १९४८ व ११ नोव्हेंबर २००९ (‘फयान’) या वादळांचे निर्देश मिळतात.

हा केवळ जिज्ञासेचा विषय नव्हे. अरबी समुद्रांतील वादळें बहुधा वायव्येस ओमानकडे जातात किंवा वळून गुजराथेस लागतात. म्हणून आमचा किनारा क्वचित् सांपडतो. परंतु समुद्र तापत चालला आहे, आणि ऊन पाणी हेंच वादळाचें इंधन. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या संशोधकांनीं १९८२ ते २०१९ चीं वादळें मोजून, उत्तरार्धांत अरबी समुद्रांतील त्यांची संख्या शेंकडा ५२ नें वाढल्याचें दाखविलें. मे २०२१ मध्यें ‘तौक्ते’ मुंबईजवळून गेलें. त्यांचे मार्ग कसे बदलतील, यावर मात्र पंडितांचें एकमत नाहीं. उपग्रहांच्या नोंदी उण्यापुऱ्या साठ वर्षांच्या. शतकांतून एकदां येणाऱ्या संकटाचें माप एवढ्या अल्प काळांतून निघत नाहीं. उल्हासची खाडी वसईस समुद्रास मिळते व भरतीचें पाणी कल्याणपर्यंत चढतें. खाडीकांठच्या दाट वस्तीस ‘कधींच नाहीं’ हें जितकें घातक, तितकेंच ‘एक लक्ष मेले’ हेंहि.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति आहे. जुन्या जमाखर्चांत, वाडीच्या हिशेबांत, सारासुटीच्या अर्जांत वा गलबत बुडाल्याच्या पत्रांत वादळाचा उल्लेख आढळल्यास तो तिथि, वार व स्थळ यांसह जसाच्या तसा उतरून ठेवावा. माडांची मोड किती, पाणी कोठवर चढलें, वारा कोणत्या दिशेनें फिरला, एवढें कळलें तरी पुष्कळ. आंकडा असेल तर कोणाचा, हेंहि लिहावें. अस्सल कागदाची एक ओळ ऐकीव लक्षापेक्षां मोलाची आहे.