तसबिरीची मागची बाजू

'तसबीर' हा शब्द आता फारसा कुणी वापरत नाही. माझ्या नातवंडांना तो माहीतच नाही, त्यांची ती 'फोटो फ्रेम'. मूळ अरबी शब्द 'तस्वीर', म्हणजे नुसतं चित्र. मराठीत आल्यावर मात्र त्याला चौकट आणि काच येऊन चिकटली. पोथीतल्या चित्राला किंवा पाटीवर काढलेल्या गणपतीला आपण तसबीर म्हणत नाही. खिळ्याला टांगली की ती तसबीर!

चौकट ही तशी फार जुनी वस्तू. इजिप्तमध्ये हवारा इथे १८८८ साली फ्लिंडर्स पेट्री या संशोधकाला एका थडग्यात लाकडी चौकटीतलं एक लहानसं व्यक्तिचित्र सापडलं, टांगायच्या दोरीसकट. रोमन अमलाखालच्या काळातलं ते चित्र आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. युरोपात पुढे बराच काळ चित्र आणि चौकट वेगळी नव्हतीच. चित्रकार जाड फळी घेई, मधला भाग कोरून खोल करी, कडा उंच ठेवी आणि मधे चित्र काढी. लंडनच्या नॅशनल गॅलरीत यान व्हॅन आयकचं १४३३ सालचं लाल पागोट्यातल्या माणसाचं चित्र आहे. त्यात चित्राची फळी आणि चौकटीच्या दोन उभ्या बाजू एकाच लाकडाच्या आहेत. चित्रकाराने आपलं नाव आणि तारीखसुद्धा चौकटीवरच घातली आहे.

आपल्याकडे मात्र गोष्ट वेगळी. आपली चित्रं एकतर भिंतीवरच काढलेली, नाहीतर हातात घेऊन बघायची. मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यात भिंतीवरची चित्रं आजही दिसतात. त्यांना चौकट कसली घालणार? मोगल दरबारातली लघुचित्रं कागदावर असत, पण ती चित्रसंग्रहाच्या पुस्तकात बांधलेली. त्यांची चौकट म्हणजे भोवतीचा रंगीत, सोनेरी शिंपडलेला हाशिया. चित्र खिळ्याला टांगून खालून वर बघायचं ही सवय आपल्या सामान्य घराला लागली ती छापील चित्रं आल्यावर. छापील चित्र म्हणजे कागद, कागदाला धूर, धूळ, कसर आणि पावसाळा हे चार वैरी, म्हणून काच आली, आणि काच धरायला लाकूड आलं.

हा कागद आला कुठून? दोन ठिकाणांची नावं महाराष्ट्रात प्रथम घ्यावी लागतात. पहिलं पुण्याचं चित्रशाळा प्रेस. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली ते काढलं. म्हणजे न्यू इंग्लिश स्कूलच्याही आधी दोन वर्षं आणि केसरीच्या आधी तीन. (शाळेत आम्ही निबंधमाला शिकवत असू, चित्रशाळेबद्दल मात्र पुस्तकात जेमतेम एक ओळ. वास्तविक निबंध किती घरांत पोचले आणि चित्रं किती घरांत पोचली हे कुणी मोजलं असतं तर निबंध हरले असते असं माझं मत आहे.) रामपंचायतनाबरोबर नाना फडणीसही शिळाछापावर छापून निघाले आणि देवांच्या शेजारी इतिहासातली माणसं भिंतीवर बसली. दुसरा राजा रविवर्म्याचा छापखाना. तो १८९४ साली मुंबईत निघाला, १८९९ साली लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे विकला गेला. पुढे १९७२ साली आगीत तो जळाला. पण तोवर त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर जाऊन बसल्या होत्या. हौशी बायका त्या चित्रांवर जरी, टिकल्या, कापडाचे तुकडे चिकटवून देवीला खरोखरीचं लुगडं नेसवत. अशा फुगीर चित्राला काच टेकून चालत नसे, म्हणून फ्रेमवाल्याला चित्र आणि काच यांच्यामध्ये आतून बारीक पट्टी ठोकावी लागे. हौस बाईची आणि अक्कल सुताराची.

आणि लाकूड? चांगल्या तसबिरीला सागवान, त्यातही ब्रह्मदेशचा साग. मुंबईत १८६३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने तिकडच्या जंगलातून तो आणला. त्याच कंपनीला ब्रह्मी सरकारने केलेल्या दंडाचं निमित्त करून इंग्रजांनी १८८५ साली लढाई केली आणि थिबा राजाला पदच्युत करून रत्नागिरीला आणून ठेवलं. तो १९१६ साली तिथेच वारला. रत्नागिरीला थिबा राजवाडा बघायला जातो आपण, पण त्या भांडणाच्या मुळाशी असलेलं लाकूड आपल्याच आजोबांच्या फोटोभोवती असू शकेल हे लक्षात येत नाही. असो.

हे सगळं मी वाचलं ते फ्रेमा करायला लागल्यावर. निवृत्तीनंतर मागच्या पडवीत मी एक बाक मांडलं. करवत, रंधा, पटाश्या, गुण्या, काच कापायचा हिरा आणि तिरप्या कापासाठी करवत धरून ठेवणारी लाकडी पेटी एवढीच सामग्री. लोकांना वाटतं फ्रेममधली कठीण गोष्ट म्हणजे पंचेचाळीस अंशांचा काप. तो पेटीमुळे साधतो. खरी मेख ही की समोरासमोरच्या दोन पट्ट्या केसभरही लहानमोठ्या असता कामा नयेत. नाहीतर कोन कितीही बरोबर असले तरी चौथा कोपरा मिटत नाही. सरस किंवा फेविकॉल लावून कोपऱ्यांभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली की चारही सांधे सारखे दाबले जातात. महागड्या शिकंजाची गरज नाही.

आणि एक गंमत. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत मात्र आकसतं आणि फुगतं. म्हणून कडक उन्हाळ्यात जुन्या फ्रेमचा कोपरा आतल्या टोकाला उघडतो आणि पावसाळ्यात बाहेरच्या टोकाला. वर्षातून दोनदा तो सांधा असा तोंड उघडतो. घरातल्या तसबिरी एकदा या नजरेने बघा.

तर मंडळी, मुद्द्याकडे येतो. वाईजवळचं आमचं गावचं घर गेल्या वर्षी विकलं हे नातेवाइकांपैकी सगळ्यांना माहीत आहेच. भांडीकुंडी वाटली गेली. भिंतीवरच्या सात तसबिरी कुणालाच नको होत्या. "फोटो काढून घेऊ मोबाइलवर, फ्रेमा भंगारात द्या," असं ठरत होतं, तेव्हा त्या मी उचलल्या. चित्राची पुढची बाजू सगळे बघतात, पण इतिहासाच्या माणसाने मागची वाचावी. जुने फ्रेमवाले मागे खोक्याची पातळ फळी ठोकत आणि फटी बुजवायला वर्तमानपत्र चिकटवत. एका फळीवर मुंबईच्या रेशनकार्डांची बातमी होती. मुंबईत रेशनिंग सुरू झालं १९४३ साली. म्हणजे ही तसबीर त्याच्या आधी बांधलेली असणं शक्य नाही. नंतरची कितीही असू शकेल, कारण रद्दी पडून राहते. वर्गात मुलांना मी हेच सांगत असे की पुरावा काय सांगतो आणि काय सांगत नाही, दोन्ही लिहा.

त्या रद्दीखाली आजोबांचा तो कुटुंबाचा फोटो होता, जो आपण सगळ्यांनी लहानपणापासून पाहिला आहे. आजोबा खुर्चीवर, शेजारी आजी, मागे थोरले काका, आजीच्या पुढ्यात आमचे वडील, वय सातेक वर्षं. वडिलांचा जन्म १९१८चा, तेव्हा फोटो १९२५च्या सुमाराचा. फळी काढली तर फोटोची डावी बाजू मागे दुमडलेली. हलक्या हाताने उघडली. दुमडलेल्या दोन इंचांत एक बाई उभी होती. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, गळा-हात मोकळे, कपाळ मोकळं. आजोबांची थोरली बहीण, आमची आत्याआजी. मी तिला पाहिलेलं नाही, पण घरात तिच्याबद्दल ऐकलं होतं. अकराव्या वर्षी विधवा झाली, जन्मभर माहेरच्या स्वयंपाकघरात राहिली.

इतरांचे चेहरे शंभर वर्षांच्या उजेडाने पिवळे, फिके पडलेत. आजोबांच्या अंगरख्यावर तर मागच्या फळीतल्या गाठीचा तपकिरी डाग उमटला आहे. आत्याआजी अंधारात राहिल्यामुळे काल काढल्यासारखी स्वच्छ आहे. तिचं वस्त्र जवळजवळ काळं दिसतं. तेव्हाच्या बहुतेक काचप्लेटांना लाल रंग दिसतच नसे, तो काळा उमटे. म्हणून आजीचं कुंकू काळा ठिपका झालं आहे आणि आत्याआजीचं लाल अलवण काळं.

धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं, १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याला नेला. हिंगणं आमच्या गावापासून नव्वदेक किलोमीटरवर. हे मी तीस वर्षं इयत्ता नववीला शिकवलं. फोटो त्यानंतर पंचवीस वर्षांनी काढलेला आहे, आणि फ्रेम तर त्याच्याही पुढची.

दुमडलं कुणी? पहिल्यांदा वाटलं फ्रेमवाल्याने, त्याच्याकडे १० बाय ८ची काच असेल आणि फोटो १२ बाय १०चा, बसवून दिला झालं. पण कडा नीट बघितल्या. वरची आणि खालची कड कात्रीने कापलेली आहे, वाकडीतिकडी. तिथे पडदा आणि सतरंजीच होती. बाजूची कड मात्र मूळची, छायाचित्रकाराने कापलेली सरळ. म्हणजे कात्री हातात होती, दोन बाजूंना चालवलीही, आणि तिसऱ्या बाजूला थांबली. फ्रेमवाला परका माणूस, त्याला कापायला काय जड होतं? कुणीतरी त्याला सांगितलं असणार, ही बाजू कापू नकोस. ते कोण, आणि भिंतीवर दिसू नये पण राहावी असं म्हणणारा माणूस कोणत्या मनाचा असेल, याचा मी बरेच दिवस विचार केला. आजोबा असतील. आजीही असेल.

थोरल्या चुलतभावाला फोन केला. दादा म्हणाला, "अरे, त्यांनी दुमडलं ते काही विचार करूनच दुमडलं असेल ना? आता शंभर वर्षांनी कशाला उघडतोस?" त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. घरातल्या मोठ्यांनी झाकलेलं उघडू नये असं आम्हा दोघांवरही बिंबवलेलं आहे. पण पुतणीने फोटो पाहिला आणि एवढंच विचारलं, "काका, हिचा दुसरा फोटो आहे का कुठे?" नाही. कुठेच नाही. दादाला मी हे कळवलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "मला एक प्रत पाठव. मोठी."

फोटो पुण्यात जुन्या कागदांची कामं करणाऱ्या एका जाणत्या बाईंकडे दिला. त्यांनी तो सपाट करून दिला, घडीची भेग तशीच ठेवून. आजीच्या कोपराजवळून ती उभी पांढरी रेघ जाते.

मग फ्रेम. फोटो आता १२ बाय ८. जिलेटिनचा थर पावसाळ्यात काचेला चिकटतो, म्हणून भोवती इंचभर माउंट ठेवला. काच झाली १४ बाय १०. पट्टी एक इंच रुंद, पाव इंच खाच, म्हणजे बाहेरून साडेपंधरा आणि साडेअकरा, अधिक अर्धं सूत मोकळं. हिशेब मांडताना लक्षात आलं की जुन्या फ्रेमच्या लांब पट्ट्या १० इंची काचेच्याच होत्या, त्या नव्या फ्रेमच्या आखूड बाजूंना चालणार! गंजलेल्या चुका उपसून त्या सोडवल्या. लांब दोन पट्ट्या नव्या हव्या होत्या, त्या गावच्याच धान्याच्या कोठीच्या सागवानी फळीतून काढल्या. मागे आता खोक्याची फळी नाही, आम्ल नसलेला जाड पुठ्ठा आहे. जुनी फळी रद्दीसकट वेगळी गुंडाळून ठेवली आहे, ज्याला बघायची असेल त्याने बघावी.

दोन पट्ट्या जुन्या आणि काळपट, दोन रंधलेल्या आणि उजळ. पॉलिशवाला म्हणाला एका रंगात आणून देतो. मी फक्त तेल लावलं. दिवाळीत सगळे येणार आहेत तेव्हा ती दादाकडे जाईल, कारण घरातला तोच मोठा; त्याने हॉलमध्ये दोन खिळे आधीच मारून ठेवलेत.