बर्फाखालची वाळू

शाळेंत शिकवितांना मी मुलांस सांगत असें, "बर्फ वितळला, कीं मागें पाण्यावांचून कांहीं उरत नाहीं." निवृत्त झाल्यावर कळलें, कीं तें शिकवणें अपुरें होतें. बर्फाच्या मागें वाळू उरते, आणि ती साक्ष देते.

आमचें छत्रपती संभाजीनगर ज्या काळ्या कातळावर वसलें आहे, तो सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं थिजलेला ज्वालामुखीचा रस. त्याहून पुष्कळ जुना खडक पाहावयाचा, तर पूर्वेस चंद्रपूरकडे जावें. उन्हाळ्यांत तेथें पारा ४५ अंशांवर चढतो. आणि बर्फाची खूण तेथेंच आहे!

ओडिशांतील तालचेर येथें बारीक मातीच्या थरांत प्रचंड धोंडे रुतलेले आढळले. ते बर्फानेंच वाहून आणले असावेत, असा तर्क ब्लॅनफर्ड बंधु व थिओबाल्ड यांनीं १८५६ सालीं मांडला. त्यास बळकट पुरावा १८७२ सालीं मिळाला, तो चंद्रपूरजवळील इरई गांवीं. ओल्डहॅम व फेडन यांस तेथें पैनगंगेच्या चुनखडकाची सपाटी घासून गुळगुळीत झालेली व रेघांनीं ओरखडलेली दिसली. बर्फाच्या तळाशीं रुतलेले दगड सरकत गेले, त्यांनीं त्या रेघा ओढल्या. ही गोष्ट सुमारें ३० कोटी वर्षांपूर्वींची; तेव्हां भारतभूमि दक्षिण ध्रुवाकडे होती.

वाळूचा कणहि हेंच सांगतो. नदींत लोळून कण गोल होतो. बर्फाखालीं चिरडलेल्या कणाच्या कडा धारदार राहतात. तालचेर थरांच्या वाळूंत सूक्ष्मदर्शकाखालीं फेल्स्पार ताजें दिसतें; उष्ण, दमट हवेंत तें कुजून त्याची चिकणमाती झाली असती.

हीच विद्या आतां ग्रीनलंडांत उपयोगीं पडली आहे. १९६६ सालीं अमेरिकन सैन्याच्या कँप सेंचुरी तळावर सुमारें १,४०० मीटर बर्फ भेदून खालची माती काढली गेली. ती शीतगृहांत विस्मृतींत पडून राहिली, व पुढें कोपनहेगन येथें पुन्हां हातीं लागली. तींत काटक्या व पानें सांपडल्याचें २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. कणांवर शेवटचें ऊन केव्हां पडलें, हें २०२३ सालीं ठरलें: सुमारें ४ लक्ष १६ हजार वर्षांपूर्वीं. म्हणजे तेथील बर्फ तेव्हां वितळला होता, आणि त्यायोगें समुद्र निदान १.४ मीटर चढला असावा. त्या काळीं हवेच्या दहा लक्ष भागांत कर्बवायु सुमारें २८० भाग होता. आज तो ४२० हून अधिक आहे.

मुंबई-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांनीं हे आंकडे ध्यानांत ठेवावे. इरईची रेघ सांगते, बर्फ येतो; ग्रीनलंडचा कण सांगतो, तो जातोहि. आज मी वर्गांत उभा असतों, तर मुलांच्या तळहातावर आधीं चिमूटभर वाळू ठेवली असती.