पावसाळ्यातील कुत्र्यांची केसगळती

पाळीव कुत्र्यांच्या अंगावरील जुने केस झडून त्या जागी नवे येणे ही वर्षभर चालणारी नैसर्गिक क्रिया आहे. नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या प्रदेशात, विशेषतः कोकण, मुंबई व गोवा या किनारपट्टीच्या भागात, जून ते सप्टेंबर या काळात ही केसगळती वाढल्याचे कुत्रे पाळणाऱ्यांना जाणवते. त्यातील काही भाग नेहमीच्या केसबदलाचा असतो. उरलेला मात्र दमट हवेत बळावणाऱ्या त्वचारोगांचा अथवा गोचीड, पिसवा यांसारख्या परजीवींचा परिणाम असू शकतो. हा भेद वेळीच ओळखणे महत्त्वाचे ठरते, कारण पहिल्या प्रकारात फणी आणि कोरडा पंचा पुरेसा होतो, तर दुसऱ्या प्रकारात पशुवैद्यकाचे उपचार लागतात आणि त्यांतील काही रोग घरातील माणसांनाही होतात.

केसांचे जीवनचक्र

कुत्र्याचा प्रत्येक केस वाढ, संक्रमण आणि विश्रांती अशा अवस्थांतून जातो व अखेरीस गळून पडतो. या चक्रावर दिवसाच्या लांबीचा मोठा प्रभाव असतो. तापमान, आहार, संप्रेरके आणि आनुवंशिकता यांचाही वाटा असतो. थंड प्रदेशांत वसंत व शरद ऋतूंत केसगळतीचे दोन स्पष्ट हंगाम दिसतात. मुंबईच्या अक्षांशावर वर्षातील सर्वांत मोठा व सर्वांत लहान दिवस यांत केवळ सव्वादोन तासांच्या आसपास फरक असतो. शिवाय घरात राहणाऱ्या कुत्र्याला रात्री उशिरापर्यंत विजेचा प्रकाश मिळतो. त्यामुळे येथील घरगुती कुत्र्यांचे केस थोडेफार बाराही महिने गळत राहतात.

जातीपरत्वे फरक पडतो. लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, हस्की, स्पिट्झ यांच्या अंगावर दुहेरी केस असतात : वर राठ, लांब केसांचा थर आणि खाली मऊ, दाट लव. गळतो तो मुख्यतः हा आतला थर. पूडल, शिह त्झू व ल्हासा अप्सो यांच्या केसांची वाढीची अवस्था दीर्घ असल्याने ते कमी गळतात, पण ओले राहिल्यास त्यांची जट होते. गावठी कुत्रे व महाराष्ट्र-कर्नाटकातील कारवान जातीचे शिकारी कुत्रे यांचे केस आखूड, अंगाबरोबर बसणारे असतात व ते लवकर वाळतात. अशा कुत्र्याच्या अंगावरचे केस ठिकठिकाणी चट्टे पडून जाऊ लागले, तर त्याचा दोष ऋतूला देता येत नाही.

पावसाळ्याशी संबंध

पाऊस लागल्याने केस गळतात हा समज ढोबळ आहे. पाण्याने निरोगी केसाचे मूळ सुटत नाही. आधीच सुटलेले केस ओल्या लवेत अडकून राहतात आणि अंग वाळल्यावर किंवा विंचरल्यावर पुंजक्यांनी बाहेर येतात. मुसळधार पावसात फिरणे बंद होते, हेही एक साधे कारण आहे : एरवी अंगणात वा रस्त्यावर पडणारे केस या दिवसांत घरातल्या सतरंजीवर पडतात आणि नजरेत भरतात.

खरी अडचण त्वचेची असते. कुत्र्याची बाह्यत्वचा माणसाच्या त्वचेहून पातळ असते आणि तिचा सामू उदासीनतेच्या जवळ, म्हणजे माणसाच्या त्वचेपेक्षा कमी आम्लधर्मी असतो. त्वचेवर एरवी निरुपद्रवीपणे राहणारे स्टॅफिलोकोकस जातीचे जिवाणू व मॅलासेझिया हे किण्व ओलसर उबेत झपाट्याने वाढतात. बोटांच्या बेचक्या, काखा, जांघा, शेपटीचे मूळ, गळपट्ट्याखालची जागा आणि लोंबत्या कानांची आतली बाजू ही त्यांची आवडती ठिकाणे. कॉकर स्पॅनियल व लॅब्राडॉर यांचे कान पावसाळ्यात वारंवार चिघळतात ते याचमुळे.

केसगळती व रोग यांतील भेद

नेहमीच्या केसगळतीत केस सर्वांगावरून सारखे विरळ होतात. त्वचा उघडी पडत नाही, लालसर दिसत नाही, वास येत नाही. कुत्रा खातोपितो व खेळतो. खाज, चट्टे, कोंडा, पुटकुळ्या, ओलसर जखमा किंवा दुर्गंधी यांपैकी काहीही आढळल्यास प्रश्न केसांचा राहत नाही.

मॅलासेझियाच्या संसर्गात खवट वास येतो, त्वचा तेलकट होते आणि दुखणे जुने झाल्यास काळपट व जाड पडते. तीव्र ओलसर त्वचादाह काही तासांत पसरतो : सकाळी रुपयाएवढा दिसणारा ओला, लाल चट्टा संध्याकाळपर्यंत तळहाताएवढा होऊ शकतो, कारण कुत्रा तो चाटत व चावत राहतो. नायट्यामध्ये साधारणपणे गोलाकार चट्टे पडतात व कडेचे केस तुटके दिसतात. लूत ही सूक्ष्म किडींमुळे होते. तिच्या एका प्रकारात कानांच्या कडा, कोपरे व पोट येथून केस जातात आणि खाज इतकी असते की कुत्रा रात्रभर झोपत नाही. उलटपक्षी दोन्ही कुशींवरचे केस सारखेच जात असून खाज मुळीच नसेल, तर अवटू ग्रंथी अथवा अधिवृक्क ग्रंथी यांच्या विकाराची शंका घेतली जाते व रक्ततपासणी करावी लागते. व्यायल्यानंतर काही आठवड्यांनी कुत्रीचे केस बरेच गळतात, ते मात्र बहुधा आपोआप भरून येतात.

या चट्ट्यांचे निदान केवळ नजरेने करणे पशुवैद्यकालाही अवघड असते. त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, चिकटपट्टीने नमुना घेणे, केसांची बुरशीसाठी तपासणी करणे या साध्या चाचण्या त्यासाठीच आहेत. औषधांच्या दुकानातून खाजेचे मिश्र मलम आणून लावण्याची प्रथा घरोघरी आहे. त्यातील स्टेरॉइडमुळे लाली चार दिवस दबते, बुरशी मात्र आतल्या आत पसरते आणि नंतर केलेल्या तपासणीतही गोंधळ होतो. कुत्रा ते मलम चाटतो, हा आणखी एक धोका.

गोचीड

पावसाळ्यातील केसगळतीच्या चर्चेत गोचिडाचा उल्लेख अनेकदा शेवटी येतो. वास्तविक प्राणावर बेतणारे संकट तेच आहे. तपकिरी गोचीड चावल्याने केस जातात ते गौण. त्याच्या चाव्यातून एर्लिकिया व बबेसिया यांसारखे सूक्ष्मजीव रक्तात शिरतात. ताप, अन्नावरची वासना जाणे, हिरड्या पांढुरक्या पडणे, नाकातून रक्त येणे, लघवी गडद होणे ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी रक्त तपासणे आवश्यक असते. एर्लिकियावर वेळेत दिलेले प्रतिजैविक गुणकारी ठरते. उशीर झाल्यास रक्तातील बिंबाणू घटतात व कुत्रा दगावू शकतो.

गोचिडाची मादी भिंतींच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे हजारोंच्या संख्येने अंडी घालते. कुत्र्याच्या अंगावर दिसणारे गोचीड हे घरातील एकूण गोचिडांचा लहानसा भाग असतात. म्हणून केवळ अंगावरचे वेचून काम भागत नाही. भेगा बुजवणे, अंथरूण गरम पाण्यात धुणे आणि पशुवैद्यकाने वजनानुसार ठरवलेले गोचीडनाशक नियमित देणे ही तिन्ही कामे बरोबरीने करावी लागतात. गोचीड काढताना ते चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावे. बोटांनी चिरडू नये.

निगा

दुहेरी केसांच्या कुत्र्याला रोज, इतरांना आठवड्यातून दोनतीनदा विंचरणे इष्ट. आतल्या थरासाठी रुंद दात्यांची फणी व वरून बारीक तारांचा ब्रश असा क्रम ठेवतात. विंचरणे नेहमी आंघोळीपूर्वी करावे, कारण ओली झालेली जट अधिकच घट्ट बसते. विंचरताना त्वचा दिसते, गोचीड सापडतात, चट्टे लक्षात येतात. केस निघण्याहून हाच लाभ मोठा म्हणावा लागेल.

वारंवार आंघोळ घालणे हितावह नाही. निरोगी कुत्र्यास पावसाळ्यात तीनचार आठवड्यांतून एकदा, कुत्र्यांसाठीच्या शाम्पूने घातलेली आंघोळ पुरते. औषधी शाम्पू मात्र अंगावर सुमारे दहा मिनिटे राहू द्यावा लागतो; लगेच धुतल्यास तो वाया जातो. रोज फिरून आल्यावर पाय स्वच्छ पाण्याने धुऊन बेचक्यांपर्यंत कोरडे करावेत. जुना सुती पंचा या कामी मऊ टॉवेलपेक्षा सरस ठरतो. लवेचा थर जाड असल्यास कोमट वा थंड हवेचा झोत द्यावा. पावसाळी कोट फिरण्यापुरताच घालावा. घरात तसाच अंगावर ठेवल्यास त्याखाली ओल कोंडते.

केस गळतात म्हणून दुहेरी केसांच्या कुत्र्याचे अंग वस्तऱ्याने किंवा यंत्राने पूर्ण उतरवणे चुकीचे आहे. त्याने गळणे थांबत नाही, आखूड केस गळत राहतात, आणि स्पिट्झसारख्या जातींत उतरवलेल्या भागावर अनेक महिने केस पुन्हा येत नाहीत. रॉकेल, फिनेल व डांबराच्या गोळ्यांची पूड अंगाला लावणे विषारी आहे. अमिट्राझ हे गोचीडनाशक द्रावण ठरलेल्या प्रमाणात पाणी घालूनच वापरावे लागते. घरात मांजर असल्यास कुत्र्यासाठीचे परमेथ्रिन असलेले औषध तिच्या संपर्कात येऊ देऊ नये. मांजराला ते मारक ठरते.

आहार

केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात. केवळ दूध-पोळी किंवा दूध-भातावर वाढलेल्या कुत्र्याचे केस निस्तेज होतात व अधिक गळतात, कारण त्या आहारात प्रथिने व मेदाम्ले अपुरी पडतात. अंडी, मासे अथवा मांस शिजवून दिल्यास ती उणीव बरीच भरून निघते. मासळीच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्ले त्वचेस उपकारक असतात. अंड्याचा पांढरा भाग मात्र शिजवलेलाच असावा. कच्च्या पांढऱ्या भागातील अ‍ॅव्हिडिन बायोटिन या जीवनसत्त्वाचे शोषण रोखते. आहार सुधारल्यावर केसांत फरक दिसण्यास सहा ते आठ आठवडे लागतात.

माणसांना होणारा संसर्ग

कुत्र्याचा नायटा माणसाला होतो, लहान मुलांना अधिक सहज. बुरशीचे बीजाणू गळलेल्या केसांवर अनेक महिने तग धरतात. त्यामुळे अशा घरात कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने केस टिपणे, मुलांचे व कुत्र्याचे अंथरूण वेगळे ठेवणे आणि दोघांवरही एकाच वेळी उपचार करणे जरूर असते. लुतीच्या किडीही माणसाला तात्पुरती खाज आणतात.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोग केसगळतीशी थेट संबंधित नसला, तरी या दिवसांतील निगेचा विचार त्याच्यावाचून होत नाही. उंदीर-घुशींच्या मूत्रातून पाण्यात आलेले जिवाणू कुत्र्याच्या व माणसाच्या खरचटलेल्या त्वचेतून शिरतात; २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर मुंबईत या रोगाची साथ आली होती. चट्टे खाजवून त्वचा फाटलेल्या कुत्र्याला तुंबलेल्या पाण्यातून नेऊ नये. कुत्र्यांसाठी या रोगाची लस उपलब्ध असून ती दरवर्षी द्यावी लागते.